सतरा खड्यांचं घड्याळ

भादवा आला की मी उजव्या अंगठ्याचं नख कापत नाही. आता त्या नखाचं मला काही काम नाही. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी ओल्या कागदावर उगवलेले कोंब तपासते आणि घरी आल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर चावीची जुनी घड्याळं उघडून बसते. दोन्ही कामांत नख आडवं येतं. तरी श्रावण संपता संपता ते वाढतं आणि मी वाढू देते.

आमच्या भागात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. या दिवसांत तिथं फुलांचं लग्न हातानं लावावं लागतं. उद्या उमलणार अशी कळी संध्याकाळी धरायची, तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख फिरवायचं आणि पाकळ्यांसकट आतलं सगळं केसर टोपीसारखं उतरवून टाकायचं. मध्ये उरते ती नुसती कोवळी काडी. नख जरा खोल गेलं तर काडी दुखावते आणि कळी गळून पडते. वरवर राहिलं तर केसर मागं उरतं आणि बियाणं खोटं निघतं. सोललेल्या कळीला खुणेचा लाल कागद अडकवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्या काडीवर हळूच घासायचं. आम्ही त्याला क्रॉसिंग म्हणतो. महिना-दीड महिना चाळीस चाळीस बाया आणि पोरी एका वावरात वाकलेल्या. नखं हिरवीकाळी झालेली, मनगटाला कपाशीची लव लागून खाज सुटलेली, आणि ओल्या काळ्या रानाचा वास अंगाला असा चिकटलेला की डोक्यावरून पाणी घेतलं तरी जात नाही.

परवा राजूरला गणपतीला निघाले तेव्हा जीपच्या खिडकीतून ते लाल कागद दिसले. हिरव्या रानावर लाल ठिपकेच ठिपके. शेजारची बाई देवाचं नाव घेत होती आणि मला आमच्या गावचे नानासाहेब आठवत होते. ते या उन्हाळ्यात वारले. मी दर्शन घेतलं, नारळ फोडला, पण त्यांच्यासाठी हात जोडले नाहीत. या वयात खोटं चांगुलपण मिरवायचा कंटाळा येतो, म्हणून हे लिहून टाकते.

घड्याळांचा नाद तुम्हाला कसा लागला, असं लोक विचारतात. मी माझ्या वडिलांचं नाव सांगते. ते अर्धंच खरं आहे. ओढ अण्णांनी लावली. ती इतकी वर्षं जिवंत ठेवली सुडानं.

अण्णा म्हणजे माझे वडील, रंगनाथ. राजूरपासून चार कोस आत आमचं गाव आहे. तिथं आमची दोन एकर कोरडवाहू होती, आणि बाकीचा वेळ अण्णा नानासाहेबांच्या शेतावर राबायचे. पण तरुणपणी दोन वर्षं ते जालन्यात मस्तगडला एका कापड दुकानात हमाल होते. शेजारी हबीबचाचांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अण्णा त्यांच्या काउंटरला टेकून बघत बसायचे. बघता बघता शिकले. गावी परतले ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. त्यात बारीक पेचकस होते, चिमटे होते, डोळ्याला लावायचं भिंग होतं आणि मोडक्या घड्याळांतून काढून ठेवलेली चक्रं न् स्क्रू. पंचक्रोशीतली गजराची घड्याळं, लग्नात मिळालेली मनगटी घड्याळं, मास्तरांचं, कंपाउंडरचं, सगळी आमच्या ओट्यावर यायची.

अण्णा घड्याळ आधी उघडत नसत. आधी कानाला लावत. मग माझ्या कानाला लावत. "ऐक शोभे, हे लंगडं चालून राह्यलंय," म्हणायचे. मला टिकटिकच ऐकू यायची. पुष्कळ दिवसांनी एकदा लंगडेपण ऐकू आलं. एक ठोका जवळचा, एक लांबचा. मी तसं सांगितलं तेव्हा अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की, पुढं मला मिळालेलं कुठलंच बक्षीस त्याच्या जवळपास गेलं नाही.

नानासाहेबांचं घड्याळ आमच्याकडं आलं तेव्हा मी नववीत होते. गावातली निम्मी जमीन त्यांची. आमच्या अण्णांपेक्षा ते दहा-बारा वर्षांनी मोठे असतील. त्यांच्या वडिलांनी ते घड्याळ निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेलं होतं. सोन्याचं बारीक कडं, दुधी तबकडी, जळत्या निळ्या रंगाचे काटे आणि खाली सेकंदाचा इवलासा वेगळा डोळा. ते अधूनमधून थांबत होतं, बाकी दुखणं काही नव्हतं. अण्णांनी हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले. मग मागचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावून भिंग माझ्या डोळ्याला लावलं.

तोवर मी घड्याळाचं पोट पुष्कळ वेळा पाहिलं होतं. हे वेगळंच होतं. पितळेच्या प्रत्येक पट्टीवर पाण्याच्या लाटेसारख्या रेघा ओढलेल्या. स्क्रूंची डोकी मोरपिसी. सतरा लाल खडे, प्रत्येक खड्याभोवती आरशासारखा घासलेला काठ. आणि मध्ये ते चक्र, केसाइतक्या बारीक कमानीवर श्वास घेत असल्यासारखं जाऊन येत होतं. ती बालकमानी. अण्णा म्हणाले, "बघ, जिथं कुणी बघणार न्हाई तिथं किती देखणं काम केलंय."

दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. साफ केलं, तेल दिलं, बसवलं. झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला सुईनं एक अक्षर कोरलं. 'रं'. शेजारी महिना. हबीबचाचांनी शिकवलेली रीत होती ती. पुढचा कारागीर उघडेल तेव्हा त्याला कळावं की इथं आधी कुणाचा हात लागलाय.

घड्याळ तीन आठवडे बिनचूक चाललं. मग पळायला लागलं. दिवसाला अर्धा अर्धा तास पुढं.

त्या दिवशी नानासाहेबांचे मेहुणे जालन्याहून आले होते. नानासाहेबांच्या वावरात क्रॉसिंग चालू होतं. आमच्या जेवणाची सुट्टी नानासाहेबांच्या घड्याळावर व्हायची, आणि त्या दुपारी ती इतकी लवकर झाली की मेहुणे बांधावर हसत सुटले. "दाजी, तुमचं घड्याळ तुमच्या आधी म्हातारं होणार," असं काहीतरी म्हणाले. मग ते हातात घेऊन त्यांनी जाणकारासारखं निरखलं आणि सांगितलं की, खेड्यातले कारागीर असल्या घड्याळाचं आतलं यंत्र काढून घेतात आणि दुसरं भिकार बसवून देतात, शहरात हे रोजचं आहे.

नानासाहेबांना यंत्रापेक्षा ते हसणं लागलं असणार. संध्याकाळी आम्ही कळ्या सोलत असताना ते दोन गड्यांना घेऊन बांधावर आले. अण्णा लिंबाखाली बसून एका बाईच्या मुलाचं घड्याळ बघत होते. डबा शेजारी उघडा होता.

"रंगनाथ," नानासाहेब म्हणाले, "आतलं यंत्र कुठं विकलंस?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ते उभे राहिले. "मालक, आतलं हाय तेच हाय. उघडून दाखवतो."

"तू हात लावू नको."

अण्णांनी तेव्हा एक गोष्ट विचारली. मला ती शब्द न् शब्द आठवते. "मालक, रातीला काढून रेडिओवर तर ठेवत न्हाई ना? मोठ्या रेडिओच्या पोटात लोहचुंबक असतोय. घड्याळाला तो लागला की मंग असंच पळतंय. मस्तगडला नेऊ द्या, एका मिनटात बराबर होतंय."

"नेऊन उरलेलंबी विकशील," नानासाहेब म्हणाले. आणि मग चाळीस बायांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "ह्याच्याकडं घड्याळ देताना बघून द्या. चोर हाय हा."

त्यांनी गड्यांना खूण केली. गड्यानं डबा उचलला आणि उपडा केला. यंत्र शोधायला, म्हणाला. खाली पावसानं मऊ झालेली काळी माती होती. चक्रं, कमानी, मोहरीएवढे स्क्रू, सगळं त्या मातीत गेलं. वरून दोघांनी पायानं चाळून पाहिलं. यंत्र सापडलं नाही, ते निघून गेले. बाया खाली मान घालून कळ्या सोलत राहिल्या. कळी थांबत नाही. संध्याकाळी सोलली नाही तर सकाळी उमलून जाते.

माय आणि मी दिसेनासं होईस्तोवर स्क्रू वेचत होतो. मातीचं ढेकूळ बोटांत चुरायचं आणि नखानं स्क्रू उचलायचा. कळीसाठी वाढवलेलं तेच नख. अण्णा लिंबाला टेकून बसून होते. ते एकदाही खाली वाकले नाहीत. मला त्याचा त्या दिवशी राग आला होता. आता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि मी त्याच वावरात होतो. सीझनचं काम मध्येच सोडता येत नव्हतं आणि दुसरं होतंही कुठं. नानासाहेबांच्या फुलांवर फुलं घासताना माझ्या दातांत दात रुतले होते. त्या संध्याकाळी मी ठरवून नख वर धरलं. कळीत केसर मागं ठेवलं आणि वर लाल कागद नीट अडकवला. तीन संध्याकाळी मी हे केलं. त्यांचं बियाणं खोटं निघावं, त्यांना चाळीस माणसांत कुणीतरी चोर म्हणावं. चौथ्या दिवशी मायनं माझी एक कळी उकलून पाहिली. तिनं मला ओळीतच थोबाडीत मारली आणि माझ्या सगळ्या ओळी फिरून कळ्या खुडून टाकल्या. "फुलानं काय केलं तुझं?" एवढंच म्हणाली.

अण्णा त्या बोलण्यानं मेले असं मी म्हणणार नाही. ते चार वर्षांनी काविळीनं गेले. पण त्या चार वर्षांत त्यांनी एकही घड्याळ उघडलं नाही. कुणी आणलंही नाही. घरातलं गजराचं घड्याळ बंद पडलं ते त्यांनी बंदच राहू दिलं. मला शाळेत 'घड्याळचोराची' म्हणत. अण्णांना वेळ विचारायची असली की ते रस्त्यावरच्या माणसाला विचारत, आणि माणूस सांगताना मनगट जरा मागं घ्यायचा. गंमत म्हणून करत लोक. मी ते पाहिलंय.

रागाला घड्याळाची उपमा देणं सोपं आहे. पण घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. माझ्या रागाला कधी द्यावी लागली नाही.

शिकले, जालन्याला नोकरीला लागले, लग्न झालं, मुलगी झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षीच मी हबीबचाचांच्या दुकानात जाऊन सांगितलं की मी रंगनाथची. चाचांनी काही न विचारता बाकड्यावर जागा करून दिली. दर रविवारी मी तिथं बसायला लागले. माझा हात हलका होता, कळ्यांनी केलेला. जुनी चावीची घड्याळं मी जमवू लागले. भंगारवाल्यांकडून, घर रिकामं करणाऱ्यांकडून, म्हाताऱ्या मास्तरांच्या कपाटांतून. लोकांनी बॅटरीची घेतली आणि ही अशी टाकून दिली की मला घ्यायला फक्त वाकावं लागलं. आज माझ्याकडं साठाच्या वर आहेत. त्यांचं सौंदर्य मला कळतं. वेगवेगळ्या हातांनी ओढलेल्या त्या लाटा मी ओळखू शकते. पण प्रत्येक घड्याळाचं झाकण काढताना मी आधी झाकणाची आतली बाजू बघत असे. त्या 'रं'साठी.

नानासाहेबांनी ते घड्याळ त्याच वर्षी मेहुण्यांना देऊन टाकलं, एवढं गावात सर्वांना माहीत होतं. मेहुण्यांना ते आधीपासूनच हवं होतं का, मला ठाऊक नाही. मेहुणे वारले तेव्हा त्यांच्यावरचा राग मी सोडून दिला. त्यांच्या मुलांनी पुण्याला जाताना घर विकलं आणि सामान जुन्या बाजारात घातलं. गेल्या वर्षीच्या वैशाखात चाचांनी मला फोन केला. नव्वदीच्या घरात आलेले चाचा फोनवर कधी बोलत नाहीत. म्हणाले, "बेटी, जल्दी आ. तेरे अब्बा का हाथ आया है."

काउंटरवर निळ्या मखमलीची डबी होती. डबीत घड्याळ होतं, बंद. झाकण चाचांनी काढून उपडं ठेवलं होतं. मी भिंग लावलं. अण्णांचं अक्षर जरा डावीकडं झुकायचं. तसंच झुकलेलं होतं.

डबीच्या तळाशी घडी घातलेला एक कागद होता. हैदराबादच्या दुकानाची पावती, उर्दूत. चाचांनी ती ओळींवरून बोट फिरवत वाचली. गिऱ्हाइकाचं नाव, नानासाहेबांच्या वडिलांचं. मग बाहेरच्या कड्याचा नंबर. मग आतल्या यंत्राचा नंबर. चाचा एकेक आकडा म्हणत गेले आणि मी यंत्रावर कोरलेले आकडे बघत गेले. सगळे जुळले. हा कागद सुरुवातीपासून त्या डबीत होता आणि डबी नानासाहेबांच्या कपाटात.

मी शेजारी होकायंत्र ठेवलं. त्याची सुई घड्याळाकडं वळून थरथरली. भिंगातून पाहिलं तर बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटले होते. कमानी आखूड झाली की घड्याळ पळतं. दुकानात लोहचुंबकाचा असर काढायचं एक छोटं निळं यंत्र आहे. बटण दाबायचं, घड्याळ वरून फिरवून लांब न्यायचं. मी तसं केलं. वेढे सुटे झाले. दोन सेकंद लागले असतील.

दोन सेकंदांचं काम होतं ते. मी बाकड्यावर बसून राहिले. चाचांनी चहा मागवला. मी रडले नाही. उलट इतकं थंड वाटलं की मला माझीच भीती वाटली.

घड्याळ मी घरी आणून साफ केलं, तेल दिलं, महिनाभर मनगटावर घालून वेळ लावून घेतली. फरक दिवसाला चार-पाच सेकंदांवर आला. नानासाहेब जिवंत आहेत, शुद्धीत आहेत, एका कानानं कमी ऐकतात, अशी खबर मी गावातून मागवली. दुसऱ्याच दिवशी जाता आलं असतं. मी गेले नाही. वैशाखात रान रिकामं असतं. पेरणी होऊ दिली. कपाशी कमरेला येऊ दिली. फुलं लागू दिली. वावरात माणसं भरू दिली. इतक्या शांतपणे मी आयुष्यात कशाचीच वाट पाहिली नव्हती. देवाजवळ एकच मागत होते की म्हाताऱ्याला भादव्यापर्यंत ठेव.

राहिले ते. आणि हेही सांगते, मनातसुद्धा मला त्यांना 'ते' म्हणायची सवय सुटली नाही.

मायला मी फक्त गावी जायचंय असं सांगून सोबत घेतलं. वावराच्या कडेला लिंबाखाली रिक्षा थांबवून तिला तिथं बसवलं आणि एकटी घरी गेले. नानासाहेबांचं आता टाइल्सचं नवं घर आहे, वावराला लागूनच. ते व्हरांड्यात खुर्चीवर होते, सूनबाई शेजारी वाती वळत बसलेल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नाही. अण्णांचं नाव घेतल्यावर ओळखलं. मी टेबलावर घड्याळ ठेवलं. शेजारी पावती उलगडली.

त्यांनी पावतीकडं पाहिलंसुद्धा नाही. घड्याळाकडं बघत राहिले. "चालून राह्यलंय," म्हणाले.

मी सांगायला लागले. नंबर, लोहचुंबक, रेडिओ. किती महिने पाठ केलं होतं. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"मला ठावं हाय. त्याच दिवाळीला औरंगाबादला दावलं होतं. कारागीर म्हनला, यंत्र अस्सल हाय, नुसतं लोहचुंबक लागलंय. आत्ता काढून देतो म्हनला."

"मग?"

"मी नको म्हनलो."

मला समजेना. त्यांनीच समजावून सांगितलं, अगदी सरळ, एखाद्या पिकाची हकिकत सांगावी तसं. घड्याळ बरोबर चाललं असतं तर गावानं विचारलं असतं की, आतलं यंत्र चोरीला गेलं होतं ना. म्हणून ते तसंच पळतं ठेवलं, आणि गावातून जावं म्हणून मेहुण्यांना दिलं. सूनबाईंचा हात वातीवर थांबला होता.

"अण्णा चार वर्षं होते त्यानंतर," मी म्हणाले. "एकदा तरी सांगायचं होतं."

"चाळीस मान्सांत बोललो होतो. माघारी घ्यायला बी चाळीस मान्सं लागली असती."

"आज आहेत," मी म्हणाले. "वावरात."

ते माझ्या घरी येऊन मायच्या पाया पडायला तयार होते. आत्ता, इथं हात जोडायला तयार होते. मी नाही म्हणाले. सूनबाईंनी मध्ये पडून त्यांच्या साखरेचं, गुडघ्यांचं, उन्हाचं सांगितलं. ऊन उतरलं होतं. मी म्हणाले की मी तशीही वावरात जाऊन पावती वाचणार आहे. माझ्या तोंडून व्हायचं की तुमच्या, एवढंच तुम्ही ठरवा. नानासाहेबांनी काठी मागितली.

बांध ओला होता. मी त्यांना हात दिला नाही. सूनबाईंनी धरलं होतं. बाया सोलत होत्या, लाल कागद अडकवत होत्या. काही तरण्या पोरींच्या कानात वायरी होत्या, शेजारणींनी त्यांना ढोसलं. माय लिंबाखालून उठून उभी राहिली. नानासाहेबांना माझ्यासोबत बांधावर येताना पाहून तिला सगळं कळलं होतं.

नानासाहेब बोलले. आवाज बारीक झाला होता, पण बोलले. "रंगनाथनं माझं काही चोरलं न्हवतं. मी खोटं बोललो होतो. मला म्हाईत असून बोललो न्हाई."

मी ज्या शांततेची वाट पाहिली होती ती आली, पण तिच्यात काहीतरी वेगळं होतं. बायांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं, नुसता प्रश्न होता. त्या चाळिसांतल्या इथं दोघीच उरल्या होत्या, साठी उलटलेल्या. बाकीच्यांनी रंगनाथ हे नावच ऐकलेलं नव्हतं. ज्यांनी अण्णांना चोर म्हणून ओळखलं त्या केव्हाच मेल्या, पांगल्या. आणि ज्यांच्यापुढं मी त्यांना निर्दोष ठरवलं त्यांना आजच पहिल्यांदा कळलं की असं काही होतं. त्या दोघींपैकी एक माझ्याकडं पाहून मान हलवत राहिली. बाकीच्या परत वाकल्या. कळी थांबत नाही.

तरी मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, छातीतून काहीतरी उपसून काढल्यासारखं. म्हातारा सुनेच्या आधारानं उभा होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

जायला वळले तेव्हा नानासाहेबांनी हाक मारली. त्यांनी उजवा तळहात पुढं केला होता. "पोरी, माझ्या बापाचं घड्याळ हाय ते. एकदा कानाला लावू दे. मंग ने."

घड्याळ माझ्या हातातच होतं. मी त्या तळहाताकडं पाहिलं. मग घड्याळ पर्समध्ये ठेवून चेन लावली आणि मायचा हात धरून रिक्षाकडं चालायला लागले. मागं वळले नाही. माय वळून बघत होती, मला तिच्या हातातून कळत होतं.

राजूरचा फाटा आला. बाहेर बघतच मायनं विचारलं, "एकदा कानाला लावू दिलं असतं, तर काय जात होतं आपलं?"

"काहीच न्हाई," मी म्हणाले. "म्हणूनच दिलं न्हाई."